घरचं नाव विचारा: नागपुरातल्या नानाविध कुटुंबांना बालविकासाच्या संशोधनात सोबत घेताना

‘नावाने हाक मारली की मूल वळून बघतं का?’ १६ ते ३० महिन्यांच्या मुलांत स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका चाळून काढण्यासाठीच्या एम-चॅट प्रश्नावलीत या अर्थाचा एक प्रश्न आहे. जरीपटक्याच्या पलीकडच्या एका वस्तीत मी तो एका आईला विचारला आणि फॉर्मवरचं नाव घेऊन स्वतःही हाक मारून पाहिली. पोरगं ढिम्म. मी ‘नाही’वर खूण केली. तेवढ्यात आतून आजी ओरडली, ‘ए छोटू, चहा सांडवशील!’ आणि ते गर्रकन वळलं. जन्मदाखल्यावरचं नाव त्या घरात कोणी घेतच नव्हतं.

अशा तीन खुणा जमल्या की मूल पुढच्या तपासणीच्या यादीत जातं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर एक रकाना असतो: घरात काय म्हणून हाक मारता?

हा लेख अशाच गोष्टींबद्दल आहे. स्वमग्नता, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता, वाचन-लेखनाच्या अडचणी, उशिरा बोलणं यांवर नागपुरात अभ्यास करायचा असेल, तर वेगवेगळ्या भाषा, जाती-जमाती, धर्म आणि मिळकतीची कुटुंबं त्यात यावीत आणि टिकावीत यासाठी काय करावं लागतं ते सांगतो. मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकलो आणि बरीच वर्षं अशा प्रकल्पांचं घरोघरी जायचं काम पाहिलं. त्यामुळे इथे आकडेशास्त्र कमी आणि चपलांची झीज जास्त मिळेल.

आधी एक संदर्भ. २०१८ साली इन्क्लेन या संस्थेच्या गटाचा मोठा अभ्यास छापून आला. २ ते ९ वर्षांची जवळपास ४००० मुलं पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणी तपासली होती. साधारण आठातल्या एका मुलात विकासाची किमान एक अडचण दिसली आणि ठिकाणागणिक हे प्रमाण बरंच बदलत होतं. त्या यादीत विदर्भ नाही. आपल्याकडे जे चित्र आहे ते बहुतेक धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत किंवा मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत पोचलेल्या मुलांचं आहे. जी पोचलीच नाहीत, त्यांच्या घरचा पत्ता कोणत्याही रजिस्टरात नसतो.

प्रश्न ठरण्याआधी पालक बसवा

प्रस्ताव लिहून झाला, पैसा मंजूर झाला आणि मग ‘समुदायाचा सहभाग’ म्हणून चार आया बोलावल्या, असं बहुतेक ठिकाणी होतं. तोवर बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यामुळे पालकांचा गट पहिल्याच महिन्यात जमवा. आठ ते दहा जण पुरे. त्यात दोन-तीन जण असे हवेत ज्यांनी थेरपी अर्ध्यात सोडली. त्यांना शोधणं जिकिरीचं असतं, पण सगळ्यात कामाची माहिती त्यांच्याकडेच असते. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून मदत देणारं सरकारी केंद्र), विशेष शाळा आणि अंगणवाडी सेविका या तिन्हीकडून नावं घ्या. एकाच ठिकाणाहून घेतली तर एकाच जातकुळीची माणसं येतात.

या माणसांना मानधन द्या. चहा-बिस्किटावर सल्ला घेणं हा उद्धटपणा आहे, असं माझं मत आहे. बैठक कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये घेऊ नका. तिथे प्राध्यापक बोलतात आणि आया मान डोलावतात. एकदा आम्ही बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत, सतरंजीवर बसून बैठक घेतली आणि पहिल्याच तासात आमचा मुख्य प्रश्न कोलमडला. निदान कितव्या वर्षी झालं, हे आम्हाला हवं होतं. एक बाई म्हणाली, ‘निदानाचं काय घेऊन बसले भाऊ, मले तर पोट्ट्याले शाळेत काऊन घेत नाही ते पायजे.’ बाकीच्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पहिला नकार कोणी दिला, कोणत्या शब्दांत दिला, त्यानंतर कुटुंब कुठे गेलं, असा प्रश्नांचा एक पूर्ण भाग तिथे जन्मला. प्रकल्पातला सगळ्यात वाचनीय भागही तोच ठरला.

शहर भाषेनुसार पाहा

नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि त्याची खूण आजही लोकांच्या जिभेवर आहे. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, बाजारात हिंदी, असं इथे लाखोंचं चालतं. मोमीनपुऱ्यात आणि कामठीत उर्दू, जरीपटक्यात सिंधी, देवलापारच्या बाजूला गोंडी, बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर छत्तीसगढी. बुटीबोरीच्या कामगार खोल्यांत तर एका रांगेत चार राज्यं भेटतात.

‘मातृभाषा कोणती?’ हा एकच रकाना इथे फसवा आहे. विणकर कुटुंबातला बाप ‘हलबी’ म्हणून सांगेल आणि घरात अख्खं मराठी चालत असेल. म्हणून तीन वेगळे प्रश्न विचारा: आई मुलाशी कशात बोलते, आजी-आजोबा कशात बोलतात, शाळा किंवा अंगणवाडी कशात चालते. मूल किती शब्द बोलतं हे मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरा. सिंधीत दहा, हिंदीत बारा आणि मराठीत पाच शब्द बोलणारं मूल फक्त मराठीत मोजलं तर उगाच मागे दिसतं. आणि चाचणी घेणाऱ्याने ‘घरात एकच भाषा बोला’ असा फुकटचा सल्ला देऊ नये. दोन भाषांमुळे स्वमग्नता येते किंवा वाढते, याला आधार नाही. आजीची भाषा बंद झाली की ते मूल घरातल्या एका माणसाला मात्र गमावून बसतं.

समाजाच्या पुढाऱ्याला भेटणं गरजेचं आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. पुढारी ‘आमच्यात अशी मुलंच नाहीत’ म्हणतो आणि त्याच्याच गल्लीत तिसऱ्या घरात दार लावून ठेवलेलं मूल असतं.

परवानग्या

आरोग्य संशोधनासाठी नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. जी गोष्ट हमखास निसटते ती दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधली आहे. त्याच्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा साधनांनी आणि स्वरूपात घेतलेली मोकळी संमती लागते. शिवाय सरकारने नेमलेल्या दिव्यांगता संशोधन समितीची आधी परवानगी लागते. या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असावेत, असंही कायदा सांगतो. राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. तिथे लेखी पत्र टाका आणि पोच घेऊन फाइलला लावा. शाळा आणि अंगणवाड्यांची पत्रं वेगळी लागतात. त्यांना वेळ लागतो, एवढं सांगून पुढे जातो.

शब्द

इथे रेंगाळायला हवं, कारण निम्मे नकार शब्दांमुळे येतात.

‘स्वमग्नता’ हा शब्द पुस्तकात छान दिसतो. मी आजवर कोणत्याही आईच्या तोंडून तो आपणहून आलेला ऐकला नाही. आया म्हणतात: आपल्याच तंद्रीत राहते, बोलायला उशीर लावला, कोणात मिसळत नाही, एकच गोष्ट धरून बसतो, हट्टी आहे, नजर लागली, बाहेरचं आहे. वडिलांकडच्या बाजूला आणखी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘त्याचा बापही पाच वर्साचा होईपर्यंत बोलला नव्हता.’ हे सगळे शब्द गोळा करा. पालकगटासोबत एक वही भरवा: कोणत्या घरात कशाला काय म्हणतात. ‘मतिमंद’ हा शब्द मात्र तोंडातही येऊ देऊ नका. संस्थांच्या जुन्या पाट्यांवर तो अजून दिसतो, पण गल्लीत ती शिवी आहे. घरी जाताना ‘मुलांची वाढ आणि बोलणं-शिकणं याबद्दलचा अभ्यास’ असं सांगा. ते खरंही आहे आणि शेजारणीने ऐकलं तरी चालतं.

आता साधनांबद्दल. भारतीय साधनं आहेत. स्वमग्नतेच्या मोजमापासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ४० मुद्द्यांची इसा मोजपट्टी, २ ते ९ वर्षांसाठी इन्क्लेनची निदान साधनं, आणि वाचनदोषासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची डाली, जी मराठीतही आहे. बाहेरचं साधन वापरायचं तर हक्कधारकाची परवानगी घ्या आणि प्रश्नाचे शब्द परस्पर बदलू नका. एम-चॅटसारख्या साधनांना ती अट आहेच. बदल सुचतो तिथे प्रश्न तसाच ठेवून शेजारी उदाहरण जोडा आणि तेही मंजूर करून घ्या.

भाषांतराची नेहमीची रीत अशी: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, ते जुळवायचं, आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं. ही रीत पाळा, पण तिच्यावर विसंबू नका. ‘काल्पनिक खेळ’ परतीच्या भाषांतरात अगदी बिनचूक परततो आणि वस्तीत कोणालाच कळत नाही. खरी परीक्षा पुढची आहे. प्रत्येक भाषागटातल्या सात-आठ आयांसमोर प्रश्न वाचा आणि सांगा, ‘हेच मला तुमच्या शब्दांत विचारा.’ त्या जे विचारतील त्यावरून प्रश्न पोचला की नाही ते लगेच कळतं. आमच्याकडे काल्पनिक खेळाचं उदाहरण म्हणून ‘खोटा-खोटा स्वयंपाक, वीट ढकलत गाडी चालवणं’ आलं. एका आजीने तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी सुचवला: पोर त्याला चारा घालतं, की नुसती चाकं फिरवत बसतं? इतका नेमका फरक मला कोणत्या कार्यशाळेत शिकायला मिळाला नव्हता.

नजरेला नजर देण्याच्या प्रश्नात आणखी एक खाच आहे. काही घरांत मोठ्यांकडे रोखून पाहणं उद्धटपणा मानतात. तिथे ‘पाहुण्यांकडे बघतो का’ विचारून उपयोग नाही. ‘काही आवडलं की तुमच्याकडे बघून हसतो का’ असं उदाहरण द्या. वर्गात जागेवर न बसण्याच्या प्रश्नाचंही तसंच. जिथे पन्नास पोरं एका पट्टीवर बसतात, तिथे जागा म्हणजे कोणती, हे शिक्षकांना आधी विचारा.

संमती: कोणाची, कधी, कशी

फॉर्मवर आईची सही असते. निर्णय मात्र पुष्कळदा आजी, मोठे दीर किंवा कामावर गेलेला नवरा घेतो. याला मागासलेपण म्हणून वैतागू नका, वेळापत्रकात जागा करा. पहिल्या भेटीत फक्त सांगायचं, कागद आणि दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप ठेवून यायचं. दुसऱ्या भेटीत सही. दरम्यान घर बोलतं. हो म्हणणारी घरं थोडी कमी होतात आणि मध्येच सोडणारी फारच कमी.

सहीची भीती खरी असते. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं होतं, ‘पोट्ट्याचं नाव कुठं चढवत तर नाही ना? रासन तर नाही तुटन?’ हसू नका. कागदपत्रांच्या तपासण्यांनी दमलेल्या मोहल्ल्यात हाच प्रश्न वेगळ्या कारणाने येतो. आधार क्रमांक मागू नका, अभ्यासाला तो लागत नाही. न शिकलेल्या पालकासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवा. त्याच्यासमोर सगळं वाचा, मग अंगठा आणि साक्षीदाराची सही घ्या. हा साक्षीदार शेजारी नसावा. आशाताईसुद्धा शक्यतो नको. तिला गल्ली ओळखते म्हणून दार उघडतं, आणि तिला गल्ली ओळखते म्हणूनच आतली गोष्ट सांगितली जात नाही. मोठ्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं, तिथे धाकट्याबद्दल एक शब्द बाहेर गेला तर काय होतं हे त्या घराला ठाऊक असतं. म्हणून आशाताईने ओळख करून द्यावी आणि निघावं. मुलाखत घेणारी बाई त्याच भाषेची पण दुसऱ्या वस्तीतली असावी.

मुलाचीही संमती लागते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ च्या मुलाचा सोप्या भाषेतला लेखी होकार, पालकांच्या संमतीवर वेगळा. न बोलणाऱ्या मुलाचा होकार कसा ओळखायचा हे आईला आधी विचारून लिहून ठेवा: नको असलं की तो कानावर हात ठेवतो, की दाराकडे जातो? ती खूण दिसली की चाचणी थांबवायची. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवायला अर्धा दिवस गेला आणि तो सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेला अर्धा दिवस होता.

रक्त किंवा लाळ घ्यायची असेल तर दुप्पट जपून. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. ‘रक्त नेलं, रिपोर्ट आणलाच नाही’ ही तक्रार मी कितीतरी दारांत ऐकली. दुसऱ्या कोणाचा तो राग तुमच्यावर निघेल आणि तो ऐकून घ्यावा लागेल. सिकलसेलचा मुद्दा तसाही सोडू नका. या आजारात मेंदूत बाहेरून न दिसणारे छोटे आघात होऊ शकतात आणि शिकण्यावर परिणाम होतो. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाचा इतिहास घेताना इथल्या अभ्यासात हा प्रश्न हवाच.

वेळ, पैसा, ऊन

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी बाराला दार वाजवणाऱ्याला पाणी मिळेल, उत्तरं मिळणार नाहीत. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे शाळेतलं काम जुलैआधी धरू नका. रोजे चालू असताना मोमीनपुऱ्यात अस्र ते मगरीबच्या मधली वेळ, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजापासून रोजा सुटेपर्यंतची, कधीच मागू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी महाल-इतवारीत गाडीही जात नाही. रामटेक-पारशिवनीकडे पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आई घरी सापडत नाही. वीटभट्टीवरची कुटुंबं पावसाळ्याआधी गावी जातात. त्यांची दुसरी भेट सहा महिन्यांनी ठेवलीत, तर ती भेट बिलासपूरच्या बाजूला होईल.

रोजंदारीवरच्या आईचा एक दिवस म्हणजे मजुरी. बुडालेली मजुरी, ऑटोचं भाडं, सोबत आलेल्या धाकट्या भावंडाचं खाणं हे प्रस्तावातच लिहा आणि समितीकडून मंजूर करून घ्या. भरपाई आणि आमिष यांतली रेघ समितीला पाहू द्या. रक्कम त्याच दिवशी, हातात. ‘बँक खात्याचा तपशील द्या, दोन महिन्यांत जमा होईल’ असं एकदा आमच्याच हिशेब विभागाने केलं आणि पुढची वस्ती आमच्या नावाने आधीच सावध झाली होती.

जात आणि धर्म विचारताना

विचारावं लागतंच, नाहीतर कोण सुटलं ते कळणार नाही. पण हा प्रश्न शेवटी ठेवा, कशासाठी विचारतोय ते सांगा आणि ‘सांगायचं नाही’ हा पर्याय खरोखर मोकळा ठेवा. आडनावावरून अंदाज बांधून रकाना भरणाऱ्या मुलाखतकाराला मी एकदा घरी पाठवलं होतं.

लिहितानाची चूक याहून मोठी असते. एखाद्या समाजातली मुलं उशिरा दवाखान्यात येतात, एवढं दिसलं की ‘सांस्कृतिक समजुती’ असं लिहून मोकळं होण्याची सवय आहे. ताजबागेत दुवा मागायला गेलेली किंवा कोराडीला नवस बोललेली आई डॉक्टरकडेही गेलेली असते, बहुतेकदा आधीच. तिला विचारा, तिथे काय झालं. ‘मोठा झाला की बोलेल’ असं सांगून परत पाठवलेल्या आया सगळ्या समाजांत भेटतात. केंद्राचं अंतर, बदलाव्या लागणाऱ्या बसा, बुडणारी मजुरी हे रकाने भरल्याशिवाय संस्कृतीला हात लावू नका.

शंका निघाली तर

पहिलं घर गाठण्याआधी हे ठरलेलं हवं. ज्या मुलात शंका निघेल त्याला कोण, कुठे, किती दिवसांत पाहील, याचा करार कागदावर घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. शीघ्र हस्तक्षेप केंद्र त्याचाच भाग. तिथल्या लोकांशी आधी बोला, तुमच्यामुळे त्यांची रांग किती वाढेल ते सांगा. पाहायला कोणीच नसेल तर चाळणी करू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

शंका सांगताना कागद हातात देऊन निघू नका. बसा. आई-वडील दोघं असतील अशी वेळ घ्या आणि आधी मूल काय काय करतं ते सांगा. ‘चाळणीत अडकलं म्हणजे आजार ठरला नाही’ हे वाक्य त्यांच्या भाषेत तीनदा तरी यायला हवं. सोबत एक पानभर माहिती ठेवा: दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) कसं काढायचं, ४० टक्क्यांच्या अटीचा अर्थ काय, आणि राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना, जिच्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अक्षमता असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कित्येक घरांत आमचा अभ्यास कोणाच्या लक्षात राहिला नाही, ते पान मात्र देवाच्या फोटोमागे खोचलेलं दिसलं.

परतीची फेरी

या फेरीचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा, कारण शेवटी ते कधीच उरत नाहीत. निष्कर्ष आधी पालकगटाला दाखवा. छापायला पाठवण्याआधी, म्हणजे त्यांचं म्हणणं लेखात येऊ शकेल. मग प्रत्येक वस्तीत एक बैठक: समाजभवनात, विहारात, मदरशाच्या अंगणात, जिथे बाया येतात तिथे. तक्ते नकोत. ‘आम्ही हे विचारलं, तुम्ही हे सांगितलं, आम्हाला हे कळलं, हे कळलं नाही’ एवढं पुरे. कोणत्याही घराचं उदाहरण ओळखू येईल असं देऊ नका. चार गल्ल्यांच्या वस्तीत ‘जुळ्या मुलांची एक आई’ म्हटलं की नाव घ्यायची गरजच राहत नाही.

यायला न जमणाऱ्यांसाठी आवाजी निरोप पाठवा, घरच्या भाषेत, आणि तो पालकगटातल्या आईच्याच आवाजात असू द्या. आमच्या उर्दू निरोपात मी स्वतः बोललो होतो. मोमीनपुऱ्यातून एका बाजीचा, म्हणजे तिथल्या ताईचा, फोन आला: बाकी सब समझ में आया भाई, पर आप ‘क़’ बोलना सीख लो.